पेढीवरील संगणकाचा गोंगाट

गौतमपुऱ्यासारख्या माळव्यातील गावी वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. मग पेढीवरील संगणक घरघरू लागतो आणि खतावणी अर्धवट असतानाच बंद पडतो. व्यापारी बंधू यास यंत्राचे वार्धक्य समजतात. बहुधा तो धुळीचा प्रताप असतो. धान्याचा भुसा हीटसिंकच्या पाकळ्यांत नमद्यासारखा बसतो, हवा अडते, पंखा अधिक वेगाने फिरतो. झाकण काढून समोर टेबलफॅन लावणे हा आपल्याकडील रूढ उपाय. त्याने धूळच अधिक शिरते.

प्रथम हिशेबाची प्रत अन्यत्र उतरवून घ्यावी. वीज तोडून, पंख्याची पाती बोटाने धरून, कोरड्या कुंचल्याने भुसा झाडावा. प्रोसेसरवरील लेप वाळला असल्यास पुसून नवा, तांदळाएवढाच, लावावा. पेटीत सोय असल्यास ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा बसवावा. तो संथ फिरूनही तितकीच हवा ओढतो.