गरम पाण्याचं काम आणि ॲडव्हान्सचा हिशेब

बाथरूममधला साधा इलेक्ट्रिक गीझर बदलायचा असेल तर ॲडव्हान्स द्यायचा नाही. एक रुपयाही नाही. गच्चीवरचा सोलर बदलायचा असेल तर बुकिंगला १० टक्के, माल दारात आल्यावर ५० ते ६० टक्के, बाकीचे काम झाल्यावर. आणि त्या बाकीतलेही १० टक्के आठवडाभर हातात राखून ठेवायचे. हीट पंप किंवा सोसायटीचं मोठं काम असेल तरी टप्पे हेच, फक्त लेखी करारावर.

पुण्यात ही कामं दिवाळीनंतर एकदम निघतात. पहिली थंडी पडली, पाणी कोमट येऊ लागलं, की सगळे एकाच वेळी फोन करतात. मग "आज निम्मे टाका, नाहीतर पंधरा दिवस थांबा" हे वाक्य हमखास ऐकू येतं. जमत असेल तर काम ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढा, नाहीतर थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा माणसं मोकळी असतात आणि भावही बोलता येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरदुरुस्तीच्या कामाला १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढाच ॲडव्हान्स घेता येतो. कायदाच तसा आहे. आपल्याकडे अशी हद्द नाही, त्यामुळे ती तुम्हीच आखायची.

आधी गीझर. तो दुकानात तयार मिळतो, मग कुणाला आगाऊ पैसे कशासाठी? तापकीर गल्लीत जा किंवा घराजवळच्या दुकानात, पण बिल तुमच्या नावावर घ्या. १५ लिटरचा गीझर कंपनीनुसार साधारण ६ ते १२ हजारांत येतो. खोक्यावर आयएसआय मार्क आणि ऊर्जा बचतीचे स्टार दोन्ही पाहा, दोन्ही सक्तीचे आहेत. "फिटिंग फ्री" असं सांगितलं तर त्यात काय येत नाही ते विचारा. बहुतेक वेळा जोडणीचे दोन पाइप, अँगल कॉक, भिंतीतले बोल्ट आणि १६ अँपिअरचा प्लग यांचे पैसे वेगळे असतात आणि ते गीझर भिंतीवर चढल्यावरच कळतात. फिटिंगसाठी कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून घ्या, इंटरनेटवर शोधून नको. तिथे खोटी सर्व्हिस सेंटरं बसलेली असतात. "बुकिंगसाठी फक्त १० रुपये पाठवा" म्हणत लिंक आली की फोन बंद करा.

गॅस गीझर बसवत असाल तर तो बाथरूमच्या आत लावून देणाऱ्याला काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्तात करत असो. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. जागा बाहेरची हवी. पाइप वाढेल, हजार-दोन हजार जास्त जातील, ते द्या.

प्लंबर म्हणतो, "मटेरियल आणायला पैसे द्या." त्याची अडचण खरी असते. रोजावर काम करणाऱ्या माणसाने तुमच्या पाइपात स्वतःचे आठ हजार अडकवावेत ही अपेक्षाच चुकीची. पण म्हणून रोख त्याच्या हातात द्यायची गरज नाही. त्याच्याकडून यादी लिहून घ्या, बोहरी आळीत किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच्याबरोबर जा, नाहीतर दुकानदाराला थेट यूपीआय करा आणि बिल मागवा. उरलेला पाइप, एल्बो, टी दुकानात परत जातात. ते पैसे तुमचे, हे आधीच बोलून ठेवा. आणि मजुरी मात्र काम झालं त्याच संध्याकाळी चुकती करा. राखून ठेवायचे ते ठेकेदाराचे पैसे, मजुराचे नव्हेत.

आता सोलर. इथेच ॲडव्हान्स बुडतात, कारण रक्कम मोठी आणि माल "उद्या येतोय". नळ्यांचा २०० लिटरचा सोलर साधारण २५ ते ४० हजारांत बसतो, तांब्याच्या पॅनलचा त्याहून महाग. तीन कोटेशन घ्या आणि "२०० लिटर सोलर, फिटिंगसह" एवढ्या एका ओळीवर पैसे देऊ नका. कोटेशनवर टाकीचा पत्रा कोणत्या ग्रेडचा, नळ्या किती आणि किती लांबीच्या, पाइप कोणता आणि किती फूट धरलाय, पुढच्या फुटाला काय दर, हे सगळं हवं. टाकी २०० लिटरची आणि नळ्या दीडशे लिटरच्या, अशी जोडणी स्वस्तात देतात. थंडीत पाणी कोमटच राहतं. इमारतीत प्रेशर पंप असेल तर ते आधीच सांगा, कारण साधी टाकी तो दाब सोसत नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर तेही सांगा. क्षार साचून झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असं वॉरंटी कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

कोटेशनमध्ये नसलेले आणि शेवटच्या बिलात हमखास उगवणारे खर्च असे: सामान गच्चीवर चढवायची हमाली, जुनी टाकी उतरवण्याचे पैसे, स्टँडखालचे सिमेंटचे ठोकळे, गरम पाण्याच्या पाइपवरचं इन्सुलेशन, एअर व्हेंट, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बॅकअप हीटरची वायरिंग. यांतला प्रत्येक खर्च वाजवी असू शकतो, पण तो आधी कळायला हवा. कोटेशनखाली एक ओळ लिहून घ्या: "वरील रकमेशिवाय कोणताही जादा खर्च लेखी संमतीशिवाय घेतला जाणार नाही." जो ही ओळ लिहायला कां-कूं करतो, त्याला १० टक्केही देऊ नका.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. "जुनं आम्ही फुकट घेऊन जातो." फुकट कसलं? जुन्या पॅनलमध्ये तांब्याच्या नळ्या आणि तांब्याचा पत्रा असतो, टाकी अनेकदा स्टीलची असते आणि तांब्याला भंगारातही किलोमागे शेकड्यांत भाव मिळतो. आधी एखाद्या भंगारवाल्याला गच्चीवर नेऊन वजनाचा अंदाज घ्या. मग ठेकेदाराला सांगा की एवढे बिलातून वजा कर, नाहीतर आम्ही विकतो.

माल आला की दुसरा हप्ता देण्याआधी दहा मिनिटं खाली उभे राहा. टाकीवरचा स्टिकर वाचा: लिटर, मॉडेल, सिरीयल नंबर. मोबाइलवर फोटो काढा. नळ्यांची खोकी उघडायला लावा, नळ्या मोजा, फुटकी वेगळी ठेवा. कोटेशनशी जुळलं तर तिथेच पैसे द्या; नाही जुळलं तर माल परत, पैसेही नाहीत. बसवताना दुपारच्या उन्हात तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडू देऊ नका, नळ्या तडकतात. घाईतली माणसं नेमकं तेच करतात. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर भरायचं. राखलेले १० टक्के द्यायच्या आधी दोन-तीन सकाळी पाणी नीट तापतंय का आणि पाइपाच्या सांध्यांतून गळत नाही ना, एवढं पाहा.

ॲडव्हान्सची पावती साध्या कागदावर चालते, पण त्यावर दुकानाचं नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक, मॉडेल, एकूण रक्कम, दिलेली रक्कम, काम पूर्ण करायची तारीख आणि "या तारखेपर्यंत काम सुरू न झाल्यास ॲडव्हान्स सात दिवसांत परत" हे वाक्य हवंच. रोख ५,००० रुपयांहून जास्त असेल तर १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्या. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की फर्मचं खरं नाव दिसतं. पैसे त्याच नावाच्या खात्यात जायला हवेत. "माझ्या मेव्हण्याच्या नंबरवर टाका" म्हटलं की थांबा. सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये जुनाच दर लावलेला नाही ना, बघा. ज्याच्याकडे जीएसटी नोंदणीच नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. बिनबिलाचं काम थोडं स्वस्त पडतं खरं, पण मग वॉरंटी कशाच्या जोरावर मागणार?

"नो कॉस्ट ईएमआय" हाही ॲडव्हान्सच आहे, तोही शंभर टक्के. फायनान्स कंपनी विक्रेत्याला पैसे देऊन मोकळी होते आणि काम झालेलं नसलं तरी तुमचा हप्ता सुरू होतो. वर प्रोसेसिंग फी. सोलरसारख्या बसवायच्या वस्तूला ईएमआय घ्यायचाच असेल तर माल घरात आल्यावरच मंजुरीचा ओटीपी सांगा.

सबसिडीच्या नावाखाली कुणी नोंदणी शुल्क मागितलं तर देऊ नका. पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान वीज तयार करणाऱ्या रूफटॉप सोलरला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. तुमच्या कामाचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे: पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजलसंचय आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते. मात्र यंत्रणा चालू हवी. म्हणून नव्या सोलरचं बिल आणि फोटो मिळकतकराच्या फाइलमध्ये लावून ठेवा. सोसायटीत राहत असाल तर गच्चीवरच्या कामाची लेखी परवानगी ॲडव्हान्स देण्याआधी घ्या. परवानगी अडली तर बुकिंगचे पैसे परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

पैसे अडकलेच तर फोनवर भांडत बसू नका. व्हॉट्सॲपवर तारखा आणि रकमेसह लिहा, नंतर स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. लिंक किंवा खोट्या नंबरवरून पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार होते आणि विक्रेता कुठलाही असला तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात ती दाखल करता येते. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा तोही मुद्दा तक्रारीत घाला. निकाल तीन महिन्यांत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा.