धिरा, खांब आणि ‘किमान’ लोखंड

इंदुरात बांधकामाच्या जागेवर सळईला ‘सरिया’ म्हणतात, खांबाला ‘कॉलम’. भिंतीला बाहेरून दिलेल्या भक्कम टेकूला मात्र कुणी पुश्ता म्हणते, कुणी बट्रेस, कुणी धिरा. पुश्त हा फारसी शब्द, अर्थ पाठ. आपल्या ‘पाठबळ’ शब्दातही तीच कल्पना आहे. तांत्रिक मजकुराचे मराठी करताना मी ‘धिरा’ हा शब्द घेतो. पण शब्द निवडून काम संपत नाही, कारण येथे नावावरून लोखंड ठरते.

२००० सालच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात धिऱ्यासाठी वेगळे कलम नाही. खांब, तुळई, भिंत यांना आहे. म्हणून आधी विचारावे : हा धिरा काम कोणाचे करतो?

३०० बाय ६०० मिमी छेदाचा धिरा घेऊ. क्षेत्रफळ १,८०,००० चौ. मिमी. त्याला खांब मानले तर उभे लोखंड किमान ०.८ टक्के, म्हणजे १,४४० चौ. मिमी, १६ मिमीच्या आठ सळया. तुळई मानले तर ५०० ग्रेडच्या सळईसाठी, परिणामी खोली ५५० मिमी धरून, ताणाच्या बाजूस सुमारे २८० चौ. मिमी, १६ मिमीच्या दोन सळया पुरतात. एकच वस्तू, दोन नावे, आणि आकड्यांत पाचपट फरक.

भिंतीचा आडवा रेटा घेणारा धिरा जमिनीत रोवलेल्या उभ्या तुळईसारखा वाकतो. रेटा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला ताण पडतो. सळई तिथे हवी. त्यावर छताचा भारही येत असेल, तर तो खांबही झाला आणि खांबाचा नियम पाळावा लागतो.

आता ‘किमान’ कशासाठी? काँक्रीटला पहिली चीर पडते तेव्हा त्याने पेललेला ताण एकदम सळईवर येतो. सळई फारच कमी असेल तर ती तो पेलू शकत नाही आणि अंग पूर्वसूचना न देता मोडते. किमान लोखंड ही आकस्मिक मोड टाळते. म्हणून किमान म्हणजे ‘पुरेसे’ नव्हे. हिशेबाने जास्त निघाले तर जास्तच घालायचे. कमी निघाले तरी या रेषेखाली जायचे नाही.

याच मानकात ठेंगण्या बैठ्या खांबांसाठी, म्हणजे पेडेस्टलसाठी, ०.१५ टक्के ‘नॉमिनल’ लोखंड सांगितले आहे. त्याचे ‘नाममात्र’ असे भाषांतर मला धोक्याचे वाटते. मराठीत नाममात्र म्हणजे नावापुरते, असून नसल्यासारखे. मिस्त्रीने तसा अर्थ घेतला, तर दोष त्याचा नाही. मी तिथे ‘हिशेबात न धरलेले, तरी सक्तीचे’ असे लिहितो. वाक्य लांबते, पण सळई जागेवर राहते.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या. पुढे त्याच्या सांडव्याबाहेरील भागाला मागून काँक्रीटचे धिरे देण्यात आले. धरणाचे गणित घराहून वेगळे असते. धिऱ्याचे काम मात्र तेच, मागे उभे राहून रेटा घेण्याचे.

विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत अशी नोंद करावी : अंगाचे नाव, त्याचे काम, ताणाची बाजू, किमान लोखंड, हिशेबाचे लोखंड. शेवटच्या दोन आकड्यांपैकी मोठा आकडा जागेवर जातो.