पाण्याची खिडकी

कांद्याचा पातळ पापुद्रा कांचेच्या पट्टीवर ठेवून त्यावर आयोडिनचा एक थेंब टाकला म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींच्या ओळी कशा उमटतात, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत पाहिलेंच आहे. परंतु आयोडिन कां टाकावें लागतें, हा प्रश्न फारच थोड्यांनीं विचारला असेल. पेशींत पाण्याचाच भाग अधिक. तिचीं आंतलीं अंगेंही पाण्यासारखींच पारदर्शक. तीं रंगविल्यावांचून डोळ्यांस वेगळीं दिसत नाहींत. शिवाय साध्या प्रकाशाच्या लाटा इतक्या लांब कीं, सुमारें 200 नॅनोमीटरांहून जवळ असलेले दोन बिंदु त्या प्रकाशांत एकच भासतात. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लक्षावा भाग.) ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनीं 1873 सालीं दाखवून दिली. इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक ह्याहून पुष्कळ बारीक पाहतो खरा, पण त्याचे इलेक्ट्रॉन जाड वस्तूंतून पार जात नाहींत. म्हणून पेशीचे अतिशय पातळ काप करावे लागतात. कापलेली वस्तु पाहून ती अखंड असतांना कशी होती ह्याचें अनुमान करावयाचें, ही गोष्ट अभ्यासकांस नेहमींच खटकत आली आहे.

ह्या अडचणींतून वाट निघाली ती क्ष-किरणांच्या एका विलक्षण गुणामुळें. रंटगेन यांनीं 1895 सालीं शोधून काढलेले व इस्पितळांत हाडांचें छायाचित्र घेण्याच्या उपयोगाचे किरण आपणांस ठाऊक आहेत. त्यांहून पुष्कळ लांब लाटेचे ‘मृदु’ क्ष-किरणही असतात. ह्यांची लाट 2.3 ते 4.4 नॅनोमीटरांच्या दरम्यान असली म्हणजे पाण्यांतील प्राणवायु त्यांस फारसा अडवीत नाहीं. उलट प्रथिनांतील व स्निग्ध पदार्थांतील कर्ब त्यांस शोषून घेतो. ह्या पट्ट्यास शास्त्रज्ञ ‘पाण्याची खिडकी’ म्हणतात, आणि हें नांव आम्हांस मोठें समर्पक वाटतें. ह्या प्रकाशांत अखंड पेशी धरली कीं पाणी उजळ राहतें व पेशीचीं अंगें काळसर उमटतात. रंग नको कीं काप नको.

मात्र हे किरण मोठे नाजूक. हवा त्यांस शोषते, म्हणून सगळा मार्ग निर्वात ठेवावा लागतो. कांचेचें भिंगही त्यांस गिळून टाकतें. भिंगाऐवजीं एका चकतीवर, तळ्यांत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखीं, एकांत एक अशीं शेंकडों वर्तुळें कोरतात. सर्वांत बाहेरचें वर्तुळ जितकें अरुंद, साधारण तितकीच बारीक वस्तु दिसते. तें काहीं दहा नॅनोमीटर रुंदीचेंच असतें!

पुरेसे किरण आणावे कोठून, हा प्रश्न मात्र फार दिवस महाग पडला. वेगवान् इलेक्ट्रॉन प्रचंड कड्यांतून फिरवून ते मिळतात. बर्लिन येथील अशा एका कड्याचा परीघ 240 मीटर आहे. आपल्या देशांत इंदूर येथील ‘इंडस-2’ हें कडेंही सुमारें 172 मीटरांचें आहे. अशीं यंत्रें जगांत मोजकींच. अभ्यासकानें आपली पेशी घेऊन तेथें जावें व नंबर लागेपर्यंत थांबावें, असा प्रकार.

स्टॉकहोम येथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत हान्स हर्ट्झ व त्यांचे सहकारी यांनीं हें काम एका खोलींत आणलें. लेसरचा प्रखर किरण एखाद्या पदार्थावर एकवटला म्हणजे तेथें तप्त प्लाझ्मा होऊन मृदु क्ष-किरण निघतात, हें पूर्वींच माहीत होतें. पण घन धातूवर मारा केला कीं त्याचे कण उडून जवळचे आरसे व चकत्या मळतात. ह्यावर त्यांची युक्ति अशी कीं, केसापेक्षांही बारीक अशी द्रवाची धार निर्वांत पोकळींत सोडावयाची व तिच्यावर लेसर मारावयाचा. प्रत्येक माऱ्यास नवा द्रव हजर! अशा यंत्रानें काढलेलीं चित्रें 2000 सालीं प्रसिद्ध झालीं. पुढें त्यांनीं द्रवरूप नत्रवायूची धार वापरली. तो उडाला तरी वायु होऊन पंपानें निघून जातो. शून्याखालीं 196 अंशांच्या आसपास थंड असलेला हा द्रव क्षणार्धांत दहा लक्ष अंशांच्या घरांत तापतो आणि 2.48 नॅनोमीटर लाटेचा प्रकाश देतो. धातूंचे अणूंएवढे पातळ शेंकडों थर दिलेला आरसा तो प्रकाश पेशीवर एकवटतो.

हे किरण पेशीस इजा करतात, म्हणून तिला आधीं इतक्या झपाट्यानें गोठवितात कीं बर्फाचे स्फटिक होऊं नयेत. तेव्हां ह्या यंत्रास जिवंत पेशीची हालचाल दिसत नाहीं. एक थांबलेला क्षण दिसतो, पण तो अखंड दिसतो. प्रारंभीं ह्या लहान यंत्राचा प्रकाश मंद असल्यामुळें एका चित्रास फार वेळ लागे. 2017 सालीं स्टॉकहोमच्या मंडळींनीं तो दहा सेकंदांवर आणला, आणि पेशी थोडी थोडी कलवीत घेतलेल्या चित्रांवरून तिची घनाकृति उभी करण्याचें काम वीस मिनिटांत होऊं लागलें.