सीडीवाचून अडत नाही

चि. मनू हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. लॅपटॉप सुरू व्हायलाच चहा होऊन जातो, मध्येच निळा पडदा येतो, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो की मूळ सीडी नसेल तर फॉरमॅट मारून तो त्याच्याकडची विंडोज टाकून देईल. त्याला तूर्त थांब म्हणून सांग.

ती सीडी तुम्हाला मिळालीच नव्हती, त्यामुळे हरवण्याचा प्रश्न नाही. 2012 साली विंडोज 8 आली तेव्हापासून, विंडोजसकट विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये परवान्याची 25 अक्षरी की कंपनी मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहून ठेवते. पूर्वी तिचं स्टिकर लॅपटॉपच्या पोटाला असायचं. दुकानदार बहुधा क्रॅक केलेली 'प्रो' टाकेल. तुझा परवाना 'होम सिंगल लँग्वेज'चा. तो 'प्रो'ला चालत नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेली विंडोज पडून राहणार आणि तू चोरीची वापरणार. शिवाय ती चालू करायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. का, ते त्यालाच विचार.

आता खरं काम. आपल्याकडे सगळे म्हणतात, "डेटा डी ड्राइव्हला आहे, काळजी नाही." सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन्स उडवलीस की डीही गेला. ताईच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत आहेत ना? नुसत्या फाइल्स कॉपी करून भागणार नाही, ते फॉन्टही घे; नाहीतर नव्या विंडोजमध्ये मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. दाजींचा टॅलीचा डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्ये सापडेलच असं नाही. टॅलीतच त्याचा पत्ता दिसतो, तिथून उचल.

आणखी एक. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. मग मध्येच यंत्र 48 अंकी रिकव्हरी की मागतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्या खात्यात ती बहुधा सापडते. आधीच कागदावर उतरवून ठेव. ती नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी काही वाचता येत नाही.

पेनड्राइव्हच्या मागे लागण्याआधी सेटिंग्जच्या 'रिकव्हरी'मधलं 'रीसेट धिस पीसी' करून बघ. 'कीप माय फाइल्स' निवडलंस तर तुझ्या फाइल्स राहतात, टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. 'क्लाउड डाउनलोड' घेतलंस तर विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडून उतरते. चार जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, तेव्हा मोबाइलच्या पॅकवर नको. विंडोज सुरूच होत नसेल तरच पेनड्राइव्ह. दुसऱ्या कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घे. पेनड्राइव्ह निदान 8 जीबीचा हवा, आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. म्हणून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचे वाय-फायचे ड्रायव्हर त्यावर नंतर टाक, आधी नाही. विंडोज 10 ला नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले, त्यामुळे टाकायचीच तर 11 टाक. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर बहुधा अडचण येत नाही, आणि 10 चा परवाना तिला चालतो. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' म्हणून पुढे जा आणि आवृत्ती 'होम सिंगल लँग्वेज'च निवड. नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेट होते.

इन्स्टॉलच्या पुढच्या पायरीवर लोक घाबरतात. डिस्क निवडायच्या पडद्यावर यादी रिकामी दिसली तर लगेच डिस्क मेली म्हणू नकोस. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. तोही पेनड्राइव्हवर ठेव आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखव. एवढ्यावरून धडधाकट डिस्क बदलून देणारे महाभाग आहेत. नंतर वाय-फाय दिसेना तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू कर.

मात्र 'टास्क मॅनेजर'मध्ये डिस्कपुढे एचडीडी लिहिलेलं दिसलं, तर विंडोज कितीही नवी टाकलीस तरी लॅपटॉप रडतच चालेल. तेव्हा मात्र एसएसडीला पैसे घाल. आणि नव्या विंडोजवरही निळा पडदा येत राहिला तर दोष रॅमचा किंवा डिस्कचा असू शकतो. ते तपासायला दुकानात खुशाल जा.

ताईच्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या कम्प्युटरवर फॉन्टसकट उघडून, एक पान छापून बघ. तोवर फॉरमॅटला हात लावू नकोस. ताईला व दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा