धमकी : पोकळ की खरी? ओळखावी कशी, आवरावी कशी



गळीत हंगाम म्हटला की कुरबुरी आल्याच. कोणाचा फड आधी तोडायचा, काट्यावरचं वजन, उचलीचा हिशेब, इसापूरच्या पाण्याची पाळी. अशा वेळी "बघून घेतो" असे शब्द कानी पडतात. बहुतेक वेळा राग उतरला की शब्दही विरतात. पण सगळेच विरत नाहीत.

बीड जिल्ह्यातील मस्साजोग येथे 6 डिसेंबर 2024 रोजी पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली. सरपंच संतोष देशमुख त्याच्या बाजूने मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचे अपहरण होऊन खून झाला. आरोपपत्रात 2 कोटी रुपयांच्या खंडणीचा उल्लेख आहे. आपण ध्यानात घ्यायचं ते एवढंच, की मारहाण आणि खून यांच्यामध्ये तीन दिवस होते.

अमेरिकेत शाळांतील 37 हल्ल्यांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. दहापैकी आठ घटनांत कोणाला तरी आधीच कुणकुण होती. मात्र ज्याच्यावर हल्ला झाला त्याला थेट धमकी फार थोड्यांनी दिली होती. म्हणजे मोठ्याने ओरडणाराच धोक्याचा, असे समजू नये.

पान पिवळं पडलं म्हणजे दर वेळी रोगच असतो असे नाही, हे आपण जाणतो. पण काणीचा काळा पट्टा दिसला तर बेट त्याच दिवशी उपटतो. धमकीचंही तसंच. पुढील खुणा पाहाव्यात :

1. शब्द एकदाच निघाला, की पुन्हा पुन्हा तोच माणूस, तीच जागा, तीच वेळ?
2. तयारी दिसते का? पाळत ठेवणे, माणसं जमवणे, "तो एकटा कधी असतो" ही चौकशी. तोडणीत कोयता सगळ्यांच्याच हातात असतो. म्हणून हत्यार नव्हे, हेतू पाहावा.
3. माणूस कर्जाने, दारूने वा अपमानाने टोकाला गेला आहे का? "आता माझं काय राहिलं" असे बोलतो का?

उपाय असे :

धमकीचे शब्द, तारीख व साक्षीदार त्याच दिवशी वहीत लिहावेत. चारचौघांत पाणउतारा करू नये. दोघांना वेगळे करून शांतपणे ऐकावे. मूळ कारण काढावे. वजनाची पावती वा उचलीचा हिशेब समोर मांडला की निम्मा राग ओसरतो. चिटबॉय, मुकादम आणि पोलीस पाटील यांनी मिळून निर्णय घ्यावा. तयारी दिसली वा खंडणी मागितली तर समेटाची वाट न पाहता 112 वर फोन करावा आणि कळमनुरी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. शाळेतील पोर गप्प झालं, शाळेला जायला भिऊ लागलं, तर गुरुजींना भेटावे. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. धमकी नेहमी टोळीकडूनच येते असे नाही, आपल्या बाजूनेही जाते. उचल फिटली नाही म्हणून मजुराला डांबणे हा 1976 च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे. फडातील बाईची छेड काढली, तर ते प्रकरण मुकादमापुढे मिटवायचे नसते. 2013 च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

कुणकुण लागली तर आमच्या गट कार्यालयात येऊन सांगा. चहाडी केली, असे आम्ही म्हणणार नाही. हंगाम संपल्यावर टोळी धडधाकट आपल्या गावी परतली आणि आपलं माणूस आपल्या घरी राहिलं, तरच तो हंगाम चांगला.