नेवाशाचा खांब आणि निघोजचीं कुंडें

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वरच्या वर्गांची सहल नगराहून एका दिवसांत दोन ठिकाणें पाहून आली. सहलीपूर्वीं एका पालकांनीं मला विचारिलें, "मास्तर, मिशनच्या शाळेंतील मुलांस देवळांत कशाला नेतां?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता, म्हणून त्याचें उत्तर येथें सावकाश देतों.

नेवासें नगराच्या ईशान्येस सुमारें ६० किलोमीटरांवर प्रवरेच्या कांठीं आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली मराठी टीका येथें पूर्ण केली. सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. सुमारें ९,००० ओंव्यांचा हा ग्रंथ सांगतांना ते ज्या खांबाला टेकून बसत, तो म्हणून दाखविला जाणारा दगडी खांब आज देवळाच्या आंत उभा आहे. परंपरेप्रमाणें त्यांचें वय तेव्हां पंधराच्या आसपास होतें. हें सांगतांच मुलें एकदम शांत झालीं, कारण बहुतेक त्याच वयाचीं होतीं. (व्याकरणाच्या तासाला अशी शांतता मला कधीं लाभली नाहीं!)

खांबावर कोरीव लेख आहे. त्यांत ज्ञानेश्वरांचें नांव असेल असें मुलांना वाटलें. तें नाहीं. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाची ती नोंद आहे. तें जुनें देऊळ गेलें, दिवा गेला. खांब राहिला तो निराळ्याच कारणासाठीं. यालाच 'पैसाचा खांब' म्हणतात, आणि दुर्गाबाई भागवतांनीं १९७० सालच्या आपल्या लेखसंग्रहास 'पैस' हें नांव त्यावरूनच दिलें.

परततांना नगरांत थांबलों. याच शहरांत रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले; तरुण बालकवि ठोंबरे त्यांच्याच घरीं राहून गेले; लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त त्या संसाराचें हंसू आणि आंसू दोन्ही आहेत. टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. त्या पुलाच्या पायाचा दगड नेवाशास आहे. तो मुलांना न दाखविणें म्हणजे त्यांना त्यांच्याच कवीपासून तोडणें होय. माझें उत्तर एवढेंच.

दुपारीं शिरूरमार्गें पारनेर तालुक्यांतील निघोजला पोंचलों. तेथें कुकडीच्या पात्रांत काळ्या खडकाला रांजणाएवढे, कोठें विहिरीएवढे खळगे पडले आहेत. कडा इतक्या गुळगुळीत कीं एक मुलगा म्हणाला, "सर, हें पाथरवटांचें काम!" पाथरवट कोणी नव्हता. पुराचा भोंवरा एखाद्या खांचेंत अडकलेला गोटा जात्यासारखा फिरवितो. गोटा झिजतो, खडकही झिजतो. गोटा संपला कीं पुढला पूर दुसरा आणितो. शेजारचे दोन खळगे वाढतां वाढतां मधली भिंत फुटून एक होतात. हा खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा. नदीचें काम त्यामानानें अगदीं कालचें.

येथें एक कबुली देणें भाग आहे. मी हें समजावून देण्यांत गुंतलों असतां नववीचा एक मुलगा खोल कुंडावर वांकला आणि त्याचा पाय घसरला. शेजारच्या मुलीनें त्याचा दंड घट्ट धरिला, म्हणून तो वांचला. पुढें कितीतरी वेळ मला बोलतां आलें नाहीं. या कुंडांत पडलेल्या माणसाला, तो पोहणारा असला तरी, गुळगुळीत भिंतींवर धरावयास कांहीं सांपडत नाहीं. पावसाळ्यांत तेथें मुळींच जाऊं नये, आणि एरव्हींही कडेपासून चार हात दूर राहावें.

त्याच मुलानें परततांना कोरड्या पात्रांतून लिंबाएवढा वाटोळा गोटा उचलून आणिला. तो विज्ञानाच्या कपाटांत ठेविला आहे; ज्यांस पाहणें असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें.