रस्ता नेमका कोणाचा?

प्रश्न : आम्ही बेज्जूरचे. कागजनगर, आसिफाबाद, वांकिडी, राजुरा असे करत कामासाठी चंद्रपूरला जाणे होते. एकाच प्रवासात रस्ता कुठे पूर्ण उखडलेला, तर कुठे चौपदरी आणि गुळगुळीत. खड्ड्यांची तक्रार घेऊन गेलो की 'हा रस्ता आमच्याकडे येत नाही' असे सांगून पुढच्या कार्यालयाकडे पाठवतात. मग तो येतो तरी कोणाकडे? मोठ्या रस्त्यांची देखभाल कोण करते, खर्च कोण उचलते आणि आमच्या वाट्याला खड्डेच का येतात?
– एक वाचक, बेज्जूर

उत्तर : आपण हा प्रवास एका रस्त्याने करत असलात, तरी सरकारी दप्तरात ते तीन-चार वेगवेगळे रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा मालक निराळा आहे. गावातून निघणारा छोटा रस्ता बहुधा पंचायत राज अभियांत्रिकी विभागाचा असतो. मंडळाची गावे आणि शहरे जोडणारे मुख्य रस्ते तेलंगणाच्या रस्ते व इमारती विभागाकडे, म्हणजे ज्याला सगळे 'आर अँड बी' म्हणतात त्याच्याकडे असतात. आसिफाबादजवळ जो चौपदरी रस्ता लागतो तो राष्ट्रीय महामार्ग ३६३. मंचेरियालकडून आसिफाबाद, वांकिडी करत तो महाराष्ट्राच्या सीमेकडे जातो आणि त्याची जबाबदारी भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणावर आहे. राज्याची हद्द ओलांडली तरी राष्ट्रीय महामार्ग केंद्राचाच राहतो, मात्र सांभाळणारे कार्यालय बदलते. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात.

आपल्या भागात कागदाचा आणखी एक गुंता आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि बेज्जूर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आले. सवयीने आजही लोक आदिलाबाद म्हणतात; अर्जावर मात्र नवा जिल्हा घालावा, नाहीतर अर्ज भलत्याच टेबलावर जातो.

प्रश्न : ही वाटणी केली कोणी?

उत्तर : या वाटणीच्या मुळाशी एक मराठी माणूस आणि एक मराठी शहर आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. बैलगाडीसाठी केलेले रस्ते मोडू लागले आणि स्थानिक संस्थांना त्यांचा खर्च झेपेना. १९२७ मध्ये सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गावापलीकडची वाहतूक वाहणाऱ्या रस्त्यांचा भार एकट्या स्थानिक संस्थेवर टाकणे योग्य नाही, केंद्राने त्यात वाटा उचलावा, असे त्या समितीने मांडले. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

दुसरे पाऊल डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात पडले. देशभरचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी ठरवली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते. 'नागपूर योजना' म्हणतात ती हीच, आणि आपल्या रस्त्यावरच्या दगडांचे रंगही याच प्रतवारीशी जोडलेले आहेत. राज्यघटनेने राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत घातले आणि बाकीचे रस्ते राज्यांच्या. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने हे महामार्ग केंद्राच्या मालकीचे केले व त्यांच्या देखभालीची जबाबदारी केंद्रावर टाकली. त्याच कायद्यात हे काम राज्य सरकारकडे सोपवण्याचीही सोय आहे. त्यामुळे काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सांभाळते, तर काही राज्याच्याच बांधकाम खात्याची राष्ट्रीय महामार्ग शाखा केंद्राच्या पैशाने सांभाळते. प्राधिकरणाचा कायदा १९८८ चा, प्रत्यक्ष कामकाज १९९५ पासूनचे.

अशी वाटणी जगात इतरत्रही आहे. ब्रिटनने १९३६ मध्ये कायदा करून सुमारे साडेचार हजार मैलांचे प्रमुख मार्ग स्थानिक कौन्सिलांकडून काढून मंत्रालयाकडे घेतले. आज इंग्लंडमध्ये मोटरवे आणि मुख्य मार्ग एक राष्ट्रीय संस्था पाहते आणि उरलेले बहुतेक सगळे रस्ते कौन्सिलांकडे आहेत. खड्ड्यांची ओरड तिथेही मुख्यतः कौन्सिलच्या रस्त्यांबद्दल असते.

प्रश्न : महामार्ग चांगला आणि आमचा रस्ता वाईट, असे का?

उत्तर : कारण महामार्गाच्या देखभालीचा पैसा आधीच करारात लिहिलेला असतो, आणि गावच्या रस्त्याचा दरवर्षी मागावा लागतो.

आसिफाबादजवळचा महामार्ग ज्या पद्धतीने बांधला तिला 'हायब्रिड ॲन्युइटी' म्हणतात. बांधकामाच्या काळात सरकार खर्चाचा चाळीस टक्के वाटा देते, साठ टक्के कंत्राटदार उभा करतो. ते साठ टक्के त्याला पुढची साधारण पंधरा वर्षे सहामाही हप्त्यांनी मिळतात, आणि त्या सगळ्या काळात रस्ता सांभाळणे त्याच्यावर बंधनकारक असते. देखभालीचे पैसे वेगळे मिळतात, हयगय झाली तर कपात होते. टोल प्राधिकरण वसूल करते. म्हणजे रस्ता सांभाळण्यात बांधणाऱ्याचा स्वतःचा फायदा असतो. 

आता आकडे पाहा. देशात सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यात राष्ट्रीय महामार्ग दीड लाखाच्या आतबाहेर, म्हणजे दोन-अडीच टक्के. वाहतूक मात्र ते चाळीस टक्क्यांच्या आसपास वाहतात. उलट सत्तर टक्क्यांहून अधिक लांबी ग्रामीण रस्त्यांची आहे. महामार्गावर सरकारचे लक्ष जाणे समजण्यासारखे आहे, पण दवाखाना, शाळा आणि कापसाचा बाजार गाठायला माणसाला आधी त्या सत्तर टक्क्यांवरूनच जावे लागते.

ग्रामीण रस्त्यांमध्ये एक चांगला अपवाद आहे. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारानेच पुढची पाच वर्षे देखभाल करायची, अशी अट आहे. कडेच्या फलकावर काम कधी पूर्ण झाले आणि देखभाल कधीपर्यंत, हे लिहिलेले असते. पाच वर्षे संपली की जबाबदारी राज्यावर येते आणि बहुतेक ठिकाणी रस्ता तिथूनच खचू लागतो.

प्रश्न : देखभाल म्हणजे खड्डे बुजवणेच ना?

उत्तर : खड्डा दिसेपर्यंत देखभालीची वेळ निघून गेलेली असते. रस्त्याचा पहिला शत्रू पाणी आहे. नाल्या गाळाने भरल्या, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली, मोरी तुंबली की पाणी डांबराखाली मुरते. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; वरचा थर तिच्याबरोबर हलतो आणि तडकतो. त्या तड्यातून पाणी आत शिरले की एका पावसाळ्यात रस्ता जातो.

दुसरा शत्रू जादा भार. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठी चाचणी झाली. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुपटीने नाही, सुमारे सोळा पटीने वाढते, असा ढोबळ नियम तिच्यातून निघाला. कोळसा, सिमेंट, लाकूड आणि कापसाच्या गाड्या आपल्या भागात रोजच्या आहेत. मंडळाच्या रस्त्यावरून क्षमतेबाहेर भरलेला एक ट्रक गेला, तर तो शेकडो मोटारींहून जास्त नुकसान करून जातो.

म्हणून देखभालीचे दोन भाग असतात. नालेसफाई, मोरी मोकळी करणे, झुडपे तोडणे, साइडपट्टीला मुरूम घालणे, तडे भरणे ही वर्षभराची कामे. आणि दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर, हे ठरावीक मुदतीचे काम. पूर्वी बांधकाम खात्यात मैलकुली असत. ठरलेल्या टप्प्याची जबाबदारी ठरलेल्या माणसांवर असे आणि फावडे, घमेले घेऊन ती माणसे पावसातही रस्त्यावर दिसत. ती पदे घटत गेली आणि त्यांची जागा अधूनमधून निघणाऱ्या निविदांनी घेतली. माझ्या मते आपल्या रस्त्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले. नालीतला गाळ आजच काढावा लागतो, तो निविदेची वाट पाहत नाही.

प्रश्न : नदीवर आणि सीमेवर काय होते? जंगलातल्या रस्त्याचे काय?

उत्तर : प्राणहिता नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. गुडेम आणि अहेरीच्या दरम्यान पूल झाला, तेव्हापासून दोन्हीकडची ये-जा सोपी झाली. असे आंतरराज्य पूल दोन सरकारांच्या संमतीने होतात आणि आंतरराज्य रस्ते-पुलांसाठी केंद्राच्या रस्ते निधीतून मदतीची तरतूद आहे. पूल एक असला तरी त्याला मिळणारे दोन जोडरस्ते आपापल्या राज्यांचे असतात. पूल चांगला पण जोडरस्ता खराब, असा प्रकार दिसला तर त्याचे कारण हे.

ही सीमाही फार जुनी नाही. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. केरामेरी आणि जिवती यांच्यामधल्या वादग्रस्त गावांत आजही लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत. दोन सरकारे असली म्हणजे रस्ता दुप्पट सांभाळला जातो असे नाही. हद्द स्पष्ट नसली की जबाबदारीही ठरत नाही.

राष्ट्रीय महामार्ग असे नाव मिळाले की रस्ता आपोआप सुधारतो, असेही नाही. नदीपलीकडचा आलापल्ली–सिरोंचा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी चा भाग. वनजमिनीच्या परवानगीत त्याचे काम रखडले आणि गडचिरोलीच्या लोकांनी अनेक वर्षे हाल काढले.

बेज्जूरच्या आसपासचे जंगल कवल आणि ताडोबा या व्याघ्र प्रकल्पांमधल्या वाघांच्या वाटेवर आहे. त्यामुळे रुंद रस्त्यांवर बंधने येणार आणि ती यायलाही हवीत. पण गावाच्या गरजेच्या छोट्या रस्त्यासाठी कायद्यात वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्ते, शाळा, दवाखाना अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. अट दोन गोष्टींची : हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे हा निर्णय गावाच्या ठरावापासून सुरू होतो.

प्रश्न : मग आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : आधी मालक ओळखा. किलोमीटरच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडावरचा किलोमीटर लिहून घ्या आणि खड्ड्याचा फोटो दगडासह काढा.

राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यासाठी 'मेरी सडक' हे ॲप आहे. बाकी रस्त्यांसाठी दर सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या प्रजावाणीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'आमच्याकडे येत नाही' असे उत्तर मिळाले, तर माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा : हा रस्ता कोणत्या विभागाच्या नोंदवहीत आहे, दोषदायित्वाचा काळ (म्हणजे कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) कधी संपतो, आणि यंदा त्याच्या देखभालीवर किती रक्कम ठेवली आहे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे आणि एकदा कागदावर मालक ठरला की अर्ज पुढे ढकलता येत नाही.

कायदाही आता आपल्या बाजूने आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार संस्था, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूसाठी वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. तो आदेश महाराष्ट्रापुरता असला, तरी तेलंगणातही त्याचा दाखला देता येईल.

शेवटी एक विनंती. नवा रस्ता मागणारे अर्ज खूप येतात, असलेला रस्ता सांभाळा असे म्हणणारे फार थोडे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावाने एवढा ठराव करावा : पावसाळ्यापूर्वी नाल्या आणि मोऱ्या साफ झाल्याच पाहिजेत, आणि त्या कोणी साफ करायच्या त्याचे नाव पंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे.